शेवटच्या बाटलीतले दोन थेंब

थेंबमावशीचं खरं नाव आरोग्य केंद्राच्या हजेरीपटात होतं आणि तिथेच धूळ खात पडलं होतं. वस्तीत विचारलंत तर ते कुणाला सांगता आलं नसतं. बावीस वर्षं खांद्याला बर्फाची पेटी अडकवून ती दारोदार हिंडली, पाच वर्षांखालच्या प्रत्येक पोराच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब घातले, म्हणून थेंबमावशी. ज्यांना तिने पाजले त्यातली कित्येक आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन दारात उभी राहायची. मावशी त्यांच्या पोरांदेखत सांगायची, "हा तुझा बाप ना, मला बघितलं की खाटेखाली घुसायचा. पाय धरून ओढायला लागायचा मेल्याला."

कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोर रडत असेल तर ती घाई करायची नाही. समोर उकिडवी बसायची, स्वतःच आ करून जीभ बाहेर काढायची, पोर बावचळून बघत राहिलं की दोन बोटांनी गाल हलकेच दाबून थेंब आत. थुंकलं तर पुन्हा दोन. मग डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची काळी रेघ, कागदावर घराचा नंबर, दारावर खडूने खूण. बंद घर असेल तर दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. एकदा एक गृहस्थ दार अडवून म्हणाला, "आमच्या पोराला काही झालेलं नाही." मावशी म्हणाली, "झालेलं नाही म्हणूनच मी आलेय. झाल्यावर मी येत नाही, डॉक्टर येतात." त्याने दार सोडलं. जीभ अशी तिखट, पण पोरांशी कधी नाही.

आता तिच्या एका हट्टाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. नोकरीला लागली तेव्हा तिची लेक तीन वर्षांची होती. पहिल्याच फेरीत मावशीने सकाळी केंद्रातून पेटी घेतली आणि घरून निघताना आधी लेकीला थेंब पाजले. शेजारणीने ते पाहिलं आणि गावभर केलं, की ताजं ताजं स्वतःच्या पोरीला आणि उरलंसुरलं आमच्या पोरांना. मावशीला ते फार लागलं. तेव्हापासून तिने नेमच करून टाकला: आपलं मूल सगळ्यात शेवटी. वस्तीतलं एकूणएक घर झाल्याशिवाय स्वतःच्या घरी थेंब नाहीत. पुढे लेकीचं लग्न त्याच वस्तीत, नाल्याकडच्या शेवटच्या गल्लीत झालं. जावई बसगाड्या दुरुस्त करायचा. मग नातू झाला. नेम तसाच राहिला.

नातवाला सगळे भुंगा म्हणायचे. बोलायला लागायच्या आधीपासून तो सारखा गुणगुणत असायचा आणि एका जागी बसणं त्याला माहीत नव्हतं. मावशी संध्याकाळी शेवटच्या गल्लीत शिरली की हा पायरीवरून उडी मारून धावत यायचा आणि पेटीला मिठी मारायचा. पेटी गार असते ना, त्याला त्या गारव्याची मजा वाटायची. पण तोवर आतला बर्फ वितळून पाणी झालेलं असायचं. मावशी शेवटची बाटली उजेडात धरून तिच्यावरचा छोटा चौकोन बघायची. उष्णतेने औषध खराब झालं की तो चौकोन काळा पडतो. तो पांढुरका आहे याची खात्री झाली की भुंग्याच्या तोंडात दोन थेंब. बाटलीच्या तळाशी काही उरलं तर आणखी दोन. आजी होती ती, तिचा हात आखडेल कसा? कार्डावर त्याचे सात डोस होते. मावशीच्या हिशेबाने बारा-तेरा तरी झाले असतील.

पाप तिच्याकडून एकदाच झालं होतं. फार जुनी गोष्ट. दिवसभर चाळीस-पन्नास जिने चढून-उतरून तिचे पाय भरून आले होते, शेवटी एक घर राहिलं, त्यात जुळी पोरं तापाने फणफणून झोपलेली. आई हात जोडून म्हणाली, आज नको. खाली साहेब उभे होते, आकडा पूर्ण हवा म्हणून ओरडत होते. मावशीने दोन्ही पोरांच्या करंगळ्यांना शाई लावली आणि खाली उतरली. थेंब पाजलेच नाहीत. त्या रात्री ती ताट तसंच ठेवून उठली. लेक दहा-अकरा वर्षांची होती, तिलाच मावशीने सगळं सांगितलं, कारण घरात दुसरं सांगण्यासारखं कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र उघडायच्या आत ती दारात जाऊन उभी राहिली, एक बाटली घेतली आणि त्या जुळ्यांना थेंब पाजून आली. हेही तिने लेकीला सांगितलं होतं. पण मुलांच्या काय लक्षात राहतं आणि काय नाही, ते आपल्या हातात नसतं.

भुंगा अडीच वर्षांचा असताना त्याला ताप आला. लेकीला तेव्हा दुसऱ्या वेळचे दिवस होते, सातवा महिना. दोन दिवस ताप, थोड्या उलट्या, पोट तर त्याचं नेहमीच बिघडलेलं असायचं, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला. लेकीने त्याला खाटेवरून उचलून खाली उभं केलं, तर तो बसकण मारून खाली बसला. तिला वाटलं लबाडी करतोय. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसला. मग तो रडायला लागला आणि उजव्या पायाकडे नुसता बघत राहिला.

मावशीला निरोप गेला तेव्हा ती केंद्रात बर्फाच्या वड्या मोजत होती. धावत आली. भुंग्याचा पाय तिने हातात घेतला, गुडघ्यात वाकवला आणि सोडला. तो तसाच पडला. बावीस वर्षं प्रत्येक प्रशिक्षणात तिला भिंतीवर तीच चित्रं दाखवली होती, हाच पाय, हेच पडणं. इतरांना डॉक्टरांनी सांगावं लागलं. तिला कुणी सांगायची गरज पडली नाही. ती तिथेच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं, कारण लेक पोटुशी होती आणि तिच्यासमोर हंबरडा फोडून चालणार नव्हतं.

चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतले, बर्फात घालून मोठ्या प्रयोगशाळेत पाठवले. अशा नमुन्यांच्या डब्या मावशीने पूर्वी दुसऱ्यांच्या घरून नेल्या होत्या. डबीवर भुंग्याचं कार्डावरचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा तिने पेन खाली ठेवलं, ते केंद्रातल्या नर्सला लिहावं लागलं. वीस-बावीस दिवसांनी उत्तर आलं. पोलिओच होता.

मग साहेब आले. हे तेच साहेब नव्हते, ते केव्हाच निवृत्त झाले होते, पण साहेब बदलले तरी प्रश्न बदलत नाहीत. त्यांनी कार्ड पाहिलं, सात डोस पाहिले, खुर्ची जरा पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशी, खरं सांगा हां. रागवू नका. नुसती शाई तर लावली नाही ना?"

"माझ्या नातवाला?" मावशी म्हणाली. "साहेब, तुमची जीभ कशी वळली हो?"

साहेबांनी मान खाली घातली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मावशीला त्याचं फारसं वाटलं नाही. साहेबांनी विचारायचंच असतं, तेच त्यांचं काम. तिला खरा मार बसला तो घरी. दुपारची वेळ होती, भुंगा झोपला होता, लेक भिंतीला टेकून बसली होती. ती आईकडे न बघता म्हणाली, "आई, भुंग्याला थेंब पाजले होतेस ना? की त्या जुळ्यांसारखं?"

मावशी चटकन उत्तर देऊ शकली असती. शपथ घेऊ शकली असती. पण आपल्या पोटची पोर आपल्याला हे विचारतेय, इतकंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. ती गप्प राहिली, आणि लेकीने त्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. नंतर मावशीने किती वेळा सांगितलं, हात धरून सांगितलं, रडून सांगितलं. लेक "हं" म्हणायची आणि कामाला लागायची. त्या दिवसापासून लेकीने तिच्यासमोर चहाचा कप ठेवला नाही असं झालं नाही, पण कप ठेवून ती आत निघून जायची.

मावशीला आता जगात एकच गोष्ट हवी होती. भुंग्याचा पाय परत येणार नाही हे ती जाणून होती. लेकीने एकदा, फक्त एकदा म्हणावं की आई, तू पाजले होतेस, माझा विश्वास आहे. पण मनाच्या आत आणखी एक किडा वळवळत होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता. थेंब पाजले होते हे खरंच. पण ते शेवटच्या बाटलीतले होते. बर्फ वितळलेला, दिवसभराचं ऊन खाल्लेली पेटी. चौकोन पांढुरका होता, तिने प्रत्येक वेळी बघितला होता. पण संध्याकाळच्या उजेडात एखाद्या वेळी डोळे फसले असतील तर? आपल्याला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून नातवाला शेवटी ठेवलं आणि त्याच्या पायाचा घास घेतला, असंच असलं तर?

महिन्याभराने प्रयोगशाळेतून एक डॉक्टरीणबाई आल्या. सडपातळ, वस्तीतल्या धुळीने सारख्या शिंकणाऱ्या. पायरीवर बसून चहा प्यायल्या, भुंग्याच्या पायाची मापं घेतली, त्याच्या हातात स्वतःची पेन्सिल दिली आणि ती परत मागितली नाही. मावशीने विचारलं, "सात डोस घेऊनही असं कसं झालं?" तर बाई म्हणाल्या, "आम्हाला नीट माहीत नाही."

बावीस वर्षांत एकाही डॉक्टरच्या तोंडून मावशीने हे वाक्य ऐकलं नव्हतं.  बाईंनी मग बॅगेतून एक कागद काढला. म्हणाल्या, "सगळं एकदम शोधता येत नाही. माणसं तेवढी नाहीत आणि वेळही नाही. म्हणून आधी काय शोधायचं आणि मग काय, ते ठरवावं लागतं. ही यादी बघा."

यादीत पाच प्रश्न होते. काही पोरांच्या पोटात थेंब लागूच का पडत नाहीत? नाल्याच्या पाण्याने पोट सारखं बिघडत असेल, आत दुसऱ्या जंतूंची गर्दी असेल, त्याचा काही संबंध आहे का? थेंबांसोबत एक इंजेक्शन दिलं तर फरक पडेल का? नाल्याचं पाणी दर महिन्याला तपासलं तर पोर आजारी पडायच्या आधी रोगाचा सुगावा लागेल का? आणि प्रत्येक फेरीत कुठली घरं राहून जातात? मावशीने चष्मा नाकावर चढवून दोनदा वाचलं.

"यात एक राहिलंय," ती म्हणाली.

"काय?"

"संध्याकाळची बाटली." आणि मग ती थांबलीच नाही. शेजारीण, नेम, वितळलेला बर्फ, चौकोन, भुंगा, सगळं सांगून टाकलं. "सकाळच्या बाटलीतली पोरं वेगळी मोजा आणि संध्याकाळच्या बाटलीतली वेगळी मोजा. कुठल्या घरी कितव्या नंबरला गेले ते लिहिलेल्या सगळ्या फेऱ्यांच्या कागदांच्या प्रती माझ्या ट्रंकेत आहेत. संध्याकाळची पोरं कच्ची निघाली तर समजा की माझ्यामुळे झालं. मला कळायला पाहिजे बाई. मला झोप नाही."

 डॉक्टरीणबाईंनी भुंग्याला गमतीने "तुझी पेन्सिल जरा उसनी दे रे" म्हणून ती घेतली आणि पाच प्रश्नांच्या खाली सहावा लिहिला.

अभ्यास सुरू झाला म्हणजे काय, तर मावशीने पुन्हा दारोदार जायचं. या वेळी पेटी नव्हती. पोरांच्या बोटातून थोडं रक्त घ्यायचं होतं, त्यात पोलिओशी लढायची ताकद आली आहे का ते बघायला. मग केंद्रात डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर थेंब पाजायचे, निम्म्या पोरांना त्याबरोबर एक इंजेक्शन द्यायचं, आणि महिन्याने पुन्हा रक्त. वर्षावरचीच पोरं घ्यायची असं ठरलं होतं. पण आयांनी तयार व्हायला हवं होतं ना! ज्या दारांत मावशीला कधी थांबावं लागलं नव्हतं, तिथे आता दारं फटीएवढी उघडायची. एक बाई तर तोंडावर म्हणाली, "तुझ्या स्वतःच्या नातवाचं काय झालं ते अख्ख्या वस्तीने बघितलंय. आता आमच्या पोरांचं रक्त कशाला?"

"बघितलंयस ना?" मावशी म्हणाली. "मीही बघितलंय. रोज बघते. म्हणूनच आलेय. माझ्या पोराचा पाय तर गेला, तुझ्या पोराचा राहू दे." एवढं बोलून ती वळली आणि जिना उतरायला लागली. तिसऱ्या पायरीवर मागून हाक आली, "मावशी, किती वाजता आणू?" अशी एकेक करत दोनशे बारा पोरं झाली.

याच काळात लेकीला मुलगी झाली. गुटगुटीत, डोक्यावर दाट काळं जावळ. मावशी दुपटी धुवायला जायची, भुंग्याच्या पायाला तेल लावून तो हलवून घ्यायची, पट्ट्यांचा बूट चढवायला शिकवायची. लेक तिला अडवत नव्हती. पण छोटीला थेंब द्यायचा दिवस आला तेव्हा तिने आईला सांगितलंच नाही. ती छोटीला घेऊन थेट केंद्रात आली. मावशी तिथेच कोपऱ्यात पेट्या पुसत होती. लेकीने तिच्याकडे पाहिलं आणि थेंब पाजायला बसलेल्या दुसऱ्या पोरीसमोर जाऊन उभी राहिली. "बाटली कधी उघडली?" तिने विचारलं. "चौकोन दाखवा. दोन थेंब मोजून घाला. थांबा, गिळले का ते बघू दे." त्या पोरीने भांबावून मावशीकडे बघितलं. मावशी खाली मान घालून पुसलेलीच पेटी पुन्हा पुसत राहिली. तिला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. जाताना लेक छोटीच्या करंगळीवरच्या शाईकडे बघत होती, आणि कितीतरी महिन्यांनी तिचा चेहरा जरा सैल झाला होता. मावशीने तेही पाहिलं.

अभ्यास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाई परत आल्या. केंद्राच्या मागच्या खोलीत मावशीला समोर बसवून त्यांनी कागद उलगडला. "सकाळच्या घरांमधल्या शंभरातल्या तेवीस पोरांच्या रक्तात पुरेशी ताकद नव्हती," त्या म्हणाल्या. "संध्याकाळच्या घरांमध्ये बावीस."

मावशीला नीट कळलं नाही. "म्हणजे?"

"म्हणजे तुमची शेवटची बाटली चांगलीच होती, मावशी. पहिल्या बाटलीइतकीच. तुमचा नेम नडलेला नाही. आणि हे फक्त तुमच्या हातचं नाही. आम्ही समोर बसून थेंब पाजले, गिळलेले पाहिले, तरी नुसते थेंब मिळालेल्या कच्च्या पोरांमधल्या निम्म्यांना ते लागू पडले नाहीत. ज्यांना सोबत इंजेक्शन दिलं त्यातली जवळजवळ सगळी पक्की झाली. भुंग्याला तुम्ही थेंब पाजले होते. त्याच्या पोटाने ते घेतलेच नाहीत."

मावशीने टेबलाची कड घट्ट धरली. सात-आठ महिने छातीवर ठेवलेला दगड उतरला आणि तिला पहिल्यांदा धड श्वास घेता आला. ती रडली, हसली, डॉक्टरीणबाईंचा हात धरून काय काय बोलली. मग हळूहळू उरलेलं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं. शंभरात तेवीस. बावीस वर्षं तिने करंगळीवर रेघ ओढली आणि आयांना सांगितलं, आता काळजी नको. किती जणींना खोटी खात्री देऊन आली ती? सत्त्याहत्तर पोरं वाचली, ते थोडं नव्हे, तिला कळत होतं. पण ती तेवीस कुठली, ते ना तिला माहीत होतं ना त्यांच्या आयांना.

"इंजेक्शन सगळ्यांना कधी?" तिने विचारलं.

"कागद वर पाठवलेत. मंजुरी यायला, साठा यायला वर्ष तरी जाईल. मी मागे लागलेय."

तरीही, खोटं कशाला सांगू, लेकीच्या घराकडे जाताना मावशीची पावलं भरभर पडत होती. तिच्या हातात कागद होता. लेक दारात बसून छोटीला मांडीवर थोपटत होती. भुंगा आत पट्ट्यांचा बूट घालून भिंत धरून चालायचा सराव करत होता, टक् टक् आवाज येत होता. मावशी धापा टाकत खाली बसली आणि सगळं सांगितलं. सकाळची बाटली, संध्याकाळची बाटली, तेवीस, बावीस. "मी पाजले होते गं," ती म्हणाली. "आता तरी खरं वाटलं ना? मी पाजले होते."

लेकीने कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. तिचा थोपटणारा हात थांबला होता.

"समोर पाजले, तरी लागू पडले नाहीत?" तिने विचारलं.

"निम्म्यांना नाही पडले."

"गिळलेले बघितले, तरी?"

"हो गं."

लेक मांडीवरच्या पोरीकडे बघायला लागली. छोटी झोपली होती, मूठ तोंडाशी धरून. "आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी लहानपणीसारखा झाला होता, "तू फसवलंस असं मी धरून चालले होते. म्हणजे औषध खरं होतं, फक्त आपल्याला मिळालं नव्हतं. म्हणून हिच्या वेळी मी डोळ्यांत तेल घालून उभी राहिले. बाटली बघितली, थेंब मोजले. मला वाटलं ही तरी वाचली. आता मी काय बघू? हिच्यासाठी काय करू मी?" तिने दुपटं छोटीच्या पायांवर ओढलं. "तू खोटं बोलली असतीस तर बरं झालं असतं."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. आत टक् टक् चालू होतं. जे वाक्य लेकीच्या तोंडून निघावं म्हणून तिने दोनशे बारा पोरांची दारं वाजवली होती, त्याचा पुरावा असलेला कागद आता लेकीच्या हातात होता, आणि लेक भीतीने पांढरी पडली होती. मावशीने हात पुढे करून तो कागद काढून घेतला आणि घडी करून स्वतःच्या मुठीत धरला.

"हे सगळं जाऊ दे," ती म्हणाली. "डॉक्टरांना काय कळतंय. मी खोटंच बोलत होते तुझ्याशी. भुंग्याला मी थेंब पाजलेच नव्हते. एकदाही नाही. नुसती शाई लावली. दमून यायचे ना मी शेवटच्या गल्लीत. औषध चांगलं आहे, पोरी. छोटीला काही होणार नाही. सगळा दोष माझा आहे."

लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने नकारार्थी मान हलवली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"नको गं आई," ती म्हणाली. "तू पाजले होतेस. मला माहीत आहे, तू पाजले होतेस."

तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मावशीने एका हाताने तिला धरलं आणि दुसऱ्या हाताने छोटीचे दोन्ही पाय, आणि दोघी दारातच बसून रडत राहिल्या.